'अरे वा!' म्हणण्याआधीचा अर्धा सेकंद

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडते. तुम्ही आणि तुमचा मित्र एकाच क्षेत्रात, जवळजवळ एकाच महिन्यात नोकरीला लागलात. बारा वर्षांची मैत्री. तीन महिन्यांपूर्वी तो विभागप्रमुख झाला. तुम्हीही दुसऱ्या एका कंपनीत तसल्याच पदासाठी मुलाखतीच्या शेवटच्या फेरीपर्यंत गेला होतात, पण ते जमलं नाही. त्याचा फोन आला, तुम्ही 'अरे वा, अभिनंदन!' म्हणालात आणि त्याच क्षणी पोटात दुखलं. तेव्हापासून तुम्ही त्याचे फोन उचलत नाही, मेसेजला दोन दिवसांनी उत्तर देता. मधे त्यानं 'तुझा बायोडेटा पाठव, मी बोलून बघतो' असं लिहिलं, ते तुम्हाला झोंबलं. याउलट सख्ख्या भावानं घर घेतलं तेव्हा तुम्हाला मनापासून आनंद झाला होता. ऑफिसातल्या एका अडखळत काम करणाऱ्या कनिष्ठ सहकाऱ्याशी बोललं की बरं वाटतं, याची तुम्हाला लाज वाटते. आणि शेवटी विचारलंय, 'मी मत्सरी झालोय का? ही तुलना थांबवायची कशी?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी. थांबवता येत नाही. मी २२ वर्षं समुपदेशन करते आहे आणि तुलना करणं सोडून दिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. 'मी कोणाशीच तुलना करत नाही' असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यातले बरेच जण पुढच्याच वाक्यात 'इतरांसारखं नाही माझं' असं म्हणतात.

पण तुमच्या लिहिण्यातली खरी अडचण मला तुलना ही वाटत नाही. तुलना झाली आणि तुमचं वागणं बदललं, हे तर झालंच. पण ते बदलायचं तुम्ही कधी ठरवलं होतं? 'आजपासून याचे फोन घ्यायचे नाहीत' असा निर्णय तुम्ही कुठल्याही दिवशी घेतलेला नाही. एक फोन राहिला, मग दुसरा राहिला, मग इतके दिवस झाल्यावर आता काय बोलायचं म्हणून तिसरा राहिला. बारा वर्षांची मैत्री अशी पाय न वाजवता मागे सरकली. मनात काय आलं यावर तुमचा ताबा नव्हता. त्यानंतर जे झालं त्यावर मात्र थोडाफार असू शकतो, आणि या उत्तरात मी बहुतेक त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी हे होतं का, ते बघू. १९५४ साली लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. माणसाला स्वतःची मतं आणि कुवत जोखून बघायची गरज असते, असं त्याचं म्हणणं. जिथे मोजपट्टी असते तिथे माणूस ती लावतो. नसते तिथे शेजारच्याकडे बघतो. तुमची उंची किती, हे टेप सांगते. पण 'मी माझ्या कामात बरा आहे का', 'बारा वर्षांत जिथे पोहोचायला हवं होतं तिथे मी आहे का', 'बाप म्हणून माझं ठीक चाललंय का' यांची टेप कुठे मिळणार? मग डोळे आपोआप बाजूला वळतात. आणि बाजूलाच वळतात, फार वर जात नाहीत. आपण आपल्यासारख्यांशी तुलना करतो, हा त्याच्या मांडणीतला तितकाच महत्त्वाचा भाग. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाची संपत्ती रातोरात दुप्पट झाली तरी तुमची झोप मोडत नाही. बरोबर सुरुवात केलेल्या मित्राच्या नावापुढचं पद बदललं की मोडते. कारण तो तुमच्या हाताशी असलेली सगळ्यात अचूक मोजपट्टी होता.

ही तुलना किती आपोआप होते, हे १९९५ मध्ये डॅनियल गिल्बर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांच्या प्रयोगात लोकांना दुसऱ्या एका व्यक्तीची कामगिरी दाखवली आणि वर हेही सांगितलं, की ही तुलना रास्त नाही, त्या व्यक्तीला मुद्दाम मदत केली होती किंवा मुद्दाम चकवलं होतं. ज्यांचं डोकं मोकळं होतं त्यांनी ते लक्षात घेतलं आणि स्वतःबद्दलचं मत ढळू दिलं नाही. ज्यांना त्याच वेळी एक मोठा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता, ते मात्र त्या निरर्थक तुलनेनंही हलले. म्हणजे आधी तुलना होते आणि मग, सवड असेल तर, विवेक येऊन ती पुसतो. माझ्याकडे येणारे लोक ज्या दुखऱ्या फोनबद्दल सांगतात तो बहुधा दिवसभर दमून आल्यानंतरचा असतो, यात मला नवल वाटत नाही. पुसणारा तेव्हा झोपलेला असतो.

आता तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात रंजक वाटलेला भाग. भावाचा आनंद झाला, मित्राचा झाला नाही. तुम्ही यावरून निष्कर्ष काढलात की मित्रावरचं प्रेम खोटं होतं. मी नेमका उलटा निष्कर्ष काढते.

अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञानं यावर बरीच वर्षं काम केलं. त्याच्या मते दुसऱ्याच्या यशानं आपल्याला काय होईल, हे तीन गोष्टींवर ठरतं: तो किती पुढे गेला, तो आपल्याला किती जवळचा आहे आणि ज्या बाबतीत तो पुढे गेला ती बाब आपल्या लेखी किती मोलाची आहे. घर घेणं ही गोष्ट तुमच्या स्वतःच्या प्रतिमेत मध्यभागी नसावी, म्हणून भावाचं जवळ असणं तुमच्या फायद्याचं ठरलं. त्याच्या घराचा उजेड थोडा तुमच्याही तोंडावर पडला. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हाच उजेड विद्यापीठांच्या आवारात टिपला होता. आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घातलेले विद्यार्थी जास्त दिसायचे. जिंकल्यावर 'आम्ही जिंकलो', हरल्यावर 'ते हरले'. काम मात्र तुमच्या प्रतिमेच्या अगदी मध्यभागी आहे, आणि तिथे तीच जवळीक उलटी फिरली. मित्र जवळचा नसता तर इतकं दुखलंच नसतं.

टेसर आणि त्याचा सहकारी जोनाथन स्मिथ यांचा १९८० सालचा एक प्रयोग मी समोरच्याला नेहमी सांगते, कारण तो ऐकून लोकांचे खांदे जरा सैल पडतात. शब्द ओळखण्याचा खेळ होता. एकानं सूचक शब्द द्यायचे, दुसऱ्यानं मूळ शब्द ओळखायचा. कोणते सूचक शब्द द्यायचे, सोपे की अवघड, हे देणाऱ्याच्या हातात. हा नुसता खेळ आहे असं सांगितलं, तेव्हा लोकांनी अनोळखी माणसापेक्षा मित्राला सोपे शब्द दिले. हे तुमच्या महत्त्वाच्या क्षमतांचं माप आहे असं सांगितलं, तेव्हा मित्राला अनोळखी माणसापेक्षा अवघड दिले. ही वाईट माणसं नव्हती, तुमच्या-माझ्यासारखीच होती. विचारलं असतं तर त्यातल्या बहुतेकांनी 'मी मुद्दाम नाही केलं' असंच सांगितलं असतं, आणि ते खरंही असतं.

पोटात दुखायला लागलं की माणूस या तीन गोष्टींपैकी एक हलवून दुखणं कमी करतो. एक तर अंतर वाढवतो. किंवा ती बाब आपल्याला मोलाची नव्हतीच असं ठरवतो, 'मला मुळात ती डोकेदुखी नकोच होती', म्हणजे कोल्ह्याची द्राक्षं. किंवा दोघांमधली दरी कमी करतो. त्यासाठी स्वतः कष्ट करून वर जाता येतं, नाहीतर समोरच्याला शब्दांनी थोडं खाली ओढता येतं. तुम्ही पहिला उपाय निवडलात. त्यात भांडण नाही, वाईट बोलणं नाही, कोणाला दिसतही नाही. म्हणून सभ्य माणसं बहुधा तोच निवडतात. माझ्या मते तो सगळ्यात महागडा आहे, कारण त्यात दुखणं जातं आणि माणूसही जातो.

खाली ओढण्याचा प्रकार मी स्वतः केलेला आहे, म्हणून त्याबद्दल जरा अधिकारानं बोलते. काही वर्षांपूर्वी माझ्याबरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीला एका मोठ्या प्रशिक्षण वर्गात शिकवायला बोलावलं. ते बोलावणं मला येईल असं मी धरून चालले होते. वर्ग संपल्यावर चार-पाच जणांचा घोळका उभा होता. कोणीतरी म्हणालं, 'किती छान बोलल्या या.' मी लगेच म्हणाले, 'हो ना, ती फार सोपं करून सांगते.' 'फार'वर किंचित जोर. आमच्या व्यवसायात 'फार सोपं' याचा अर्थ काय होतो, हे आम्हा दोघींना माहीत होतं. घोळक्यातल्यांनी माना डोलावल्या, त्यांना ती स्तुतीच वाटली. तिनं मात्र माझ्याकडे एकदा बघितलं आणि पिशवीची चेन लावायला खाली वाकली. ती चेन लागायला जरा जास्तच वेळ लागला. त्या क्षणी मला पत्ताही नव्हता की मी काही केलंय. घरी जाताना माझं वाक्य पुन्हा कानात वाजलं तेव्हा कळलं.

स्तुती करूनही अंतर वाढवता येतं, हे त्या दिवशी नीट समजलं. त्याची दुसरी तऱ्हा म्हणजे एखाद्याला इतकं उंच नेऊन बसवायचं की तुलनाच उरू नये. 'त्याचं काय, तो जन्मजात हुशार आहे.' मार्क अलिकीनं १९९७ मध्ये हे प्रयोगात दाखवलं होतं: आपल्याला हरवणाऱ्याची कुवत लोक फुगवून सांगतात. असामान्य माणसानं हरवलं तर आपण सामान्यच राहतो, खाली जात नाही. तुम्हीही लिहिलंय, 'तो पहिल्यापासूनच वेगळ्या लेव्हलचा होता.' खरंच होता का? बारा वर्षांपूर्वी तुम्ही दोघं एकमेकांच्या चुका दुरुस्त करत होतात, हेही तुम्हीच लिहिलंय.

आता परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी. त्या न सांगता सल्ला दिला तर तो राशिभविष्यासारखा होईल.

पहिली म्हणजे, ते यश तुम्हाला अजून हाताला लागण्यासारखं वाटतं का? पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी १९९७ मध्ये लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याच शाखेतल्या एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याबद्दल वाचायला दिलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यानं उभारी आली, शेवटच्या वर्षाच्या मुलांना आली नाही. तोच आदर्श, तीच माहिती. फरक फक्त हातात उरलेल्या वेळाचा. तुमच्या क्षेत्रात पुढची संधी दोन वर्षांत येणार असेल तर मित्राची बढती ही वाटेवरची पाटी आहे. ती वाट तुमच्यासाठी बंदच झाली असेल, तर हे दुःख वेगळ्या जातीचं आहे आणि त्याला आधी दुःख म्हणूनच वागवावं लागेल. 'प्रेरणा घ्या' हा सल्ला तिथे जखमेवर मीठ ठरतो.

दुसरी गोष्ट, तुम्ही 'थोडक्यात हुकलेले' आहात. शेवटच्या फेरीपर्यंत गेला होतात. व्हिक्टोरिया मेडवेक आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंच्या चेहऱ्यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळवणारे जास्त आनंदी दिसत होते. दुसरा आलेला सोन्याकडे बघतो. तिसरा, पदक न मिळालेल्या चौथ्याकडे. तुम्ही गेल्या तीन महिन्यांत रौप्यपदकाचा चेहरा घेऊन फिरताय. मुलाखतच दिली नसतीत तर मित्राचा फोन कदाचित निम्माही लागला नसता. तेव्हा त्या दुखण्यातलं मित्राच्या नावावर किती आणि त्या मुलाखतीच्या नावावर किती, हे एकदा कागदावर वेगळं करून बघा.

तिसरी, आजूबाजूला काय चाललंय. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांची सॅम्युएल स्टाउफर आणि सहकाऱ्यांनी केलेली मोठी पाहणी १९४९ मध्ये आली. हवाई दलात बढत्या भराभर मिळत, लष्करी पोलिसांत क्वचित. तरी बढतीच्या पद्धतीबद्दल जास्त नाराजी हवाई दलात होती. जिथे सगळेच वर जात असतात तिथे न गेलेला जास्त दिसतो, स्वतःलाही. तुमच्या कंपनीत सध्या कशी हवा आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते जरा बघा.

आणि अर्थात स्वभाव. काही माणसं मुळातच इकडेतिकडे जास्त बघतात. फ्रेडरिक गिबन्स आणि ब्राम बुंक यांनी १९९९ मध्ये ही प्रवृत्ती मोजण्यासाठी ११ विधानांची प्रश्नावली तयार केली, ती अजून वापरली जाते. जास्त गुण आले म्हणजे आजार नव्हे. अशी माणसं बऱ्याचदा इतरांच्या मनाचा अंदाज चांगला घेतात, असा माझा अनुभव आहे. फक्त त्यांना स्वतःला विसावा कमी मिळतो.

तुमचा पहिला प्रश्न राहिला. मत्सरी झालोय का?

मराठीत या भावनेसाठी शब्दांची चळत आहे: हेवा, असूया, मत्सर, ईर्ष्या, चुरस, जळफळाट. आपण ते हवे तसे वापरतो, पण त्यांत फरक आहे आणि तो कामाचा आहे. हेव्यात नजर वस्तूवर असते. त्याच्याकडे आहे ते मलाही हवं. मत्सरात नजर माणसावर असते. त्याच्याकडे का आहे? 'ईर्षेला पेटून अभ्यास केला' असं आपण चांगल्या अर्थानं म्हणतो, 'मत्सरानं पेटून अभ्यास केला' असं कोणी म्हणत नाही. डच भाषेतही या दोहोंना वेगळे शब्द आहेत. निल्स व्हॅन दे व्हेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हा भेद तपासला. एका प्रकारात माणूस स्वतः वर जायला बघतो, दुसऱ्यात समोरच्याला खाली आणायला. दुखतं दोन्हींत.

ओळखायचं कसं? मी एक नावडता प्रश्न विचारते. उद्या कळलं की मित्राचं ते पद गेलं, तर पहिल्या क्षणी काय वाटेल? सुटल्यासारखं वाटलं, तर थोडा मत्सर आहे. लपवू नका, तो असतो. 'अरेरे' वाटून लगेच फोन करावासा वाटला, तर तो हेवा आहे. तुमच्या लिहिण्यात मित्राबद्दल वाईट असं एकही वाक्य नाही, म्हणून माझा कौल हेव्याकडे आहे. पण परीक्षक तुम्हीच.

आता तो कनिष्ठ सहकारी. खाली बघून बरं वाटणं ही फार जुनी मलमपट्टी आहे. थॉमस विल्सनं १९८१ मध्ये तिच्यावर सविस्तर लिहिलं. आपण मार खाल्लेला असतो तेव्हा आपल्यापेक्षा बिकट अवस्थेतल्या माणसाशी तुलना करून माणूस सावरतो. जोआन वुड, शेली टेलर आणि रोझमेरी लिक्टमन यांनी १९८५ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांशी बोलून केलेल्या अभ्यासात तर असं दिसलं, की बहुतेक जणी कोणातरी जास्त त्रासातल्या बाईचा दाखला देत होत्या. माणूस बुडताना जे हाताला लागेल ते धरतो. त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही.

यात फार विचार लागतो असंही नाही. स्टॅन्ली मोर्स आणि केनेथ गर्गन यांच्या १९७० च्या प्रयोगात नोकरीसाठी आलेला उमेदवार फॉर्म भरत बसलेला असताना खोलीत दुसरा उमेदवार येऊन बसायचा. कधी नीटनेटका, सूट घातलेला, हातात ब्रीफकेस. कधी गबाळा, गोंधळलेला. दोघांत बोलणं व्हायचं नाही. पण नीटनेटका येऊन बसला की पहिल्याचं स्वतःबद्दलचं मत घसरायचं, गबाळा आला की वर जायचं. नुसत्या कोणाच्या तरी शेजारी बसण्यानं.

वाटण्यात दोष नसला तरी वागण्यात तो उतरतो, आणि बहुतेकदा प्रेमळ रूप घेऊन उतरतो. आपण त्या सहकाऱ्याला न मागितलेला सल्ला देतो. त्याच्या चुकीची गोष्ट हसत हसत तिसऱ्याला सांगतो. त्याला मदत करतो, पण असं शिकवत नाही की पुढच्या वेळी त्याला आपली गरज लागणार नाही. हे शेवटचं मी अनेक अनुभवी, चांगल्या माणसांत पाहिलंय. ज्याच्या अडखळण्यावर आपलं बरं वाटणं टेकलेलं असतं, त्यानं न अडखळावं असं आपल्याला पूर्णपणे वाटत नाही. टेसरच्या प्रयोगातले अवघड शब्द इथेही दिले जातात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: भाव मनात आपोआप येतो, जवळच्याबद्दल आणि आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टीबद्दल जास्त तीव्र येतो, आणि मग अंतर, टोमणा, खाली ओढणारी स्तुती किंवा न मागितलेला सल्ला बनून बाहेर पडतो. हे बाहेर पडणं अर्ध्या-एक सेकंदात होतं.

आणि समोरच्याचं काय? लोक हा भाग विसरतात. तुमचा मित्रही या तुलनेत अडकलेला आहे, फक्त तराजूच्या दुसऱ्या बाजूला. जूली एक्सलाइन आणि मार्सी लोबेल यांनी १९९९ मध्ये वर असलेल्याच्या अडचणीबद्दल लिहिलं: आपल्या यशानं समोरच्याला त्रास होतोय असं जाणवलं की यश मिळवणाराही अवघडतो. मग तो बातमी उशिरा सांगतो, 'काही विशेष नाही रे' म्हणत तिची किंमत कमी करतो, नव्या कामातल्या कटकटी जास्त रंगवून सांगतो, किंवा मदत देऊ करतो. व्हॅन दे व्हेन आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या प्रयोगांत, आपला कोणी मत्सर करेल अशी भीती घातलेली माणसं इतरांना जास्त मदत करताना दिसली. 'तुझा बायोडेटा पाठव' हे वाक्य तुम्हाला वरून खाली टाकलेल्या नाण्यासारखं वाटलं. ते खालून वर पसरलेला हातही असू शकतं: 'माझ्यावर रागावू नकोस.' मी त्याला ओळखत नाही, त्यामुळे खात्रीनं सांगू शकत नाही. काही माणसं खरोखरच शेखी मिरवायला मदत देऊ करतात. पण तुम्ही बारा वर्षं ओळखता त्या माणसाच्या तोंडी यातलं काय शोभतं, हे तुम्हाला कळेल.

सोशल मीडियाबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे, मीही एकच परिच्छेद लिहिते, कारण त्यावर सगळेच बोलतात. दुसऱ्याचं दुःख आपल्याला कमी दिसतं, हे पडद्याबाहेरही खरं आहे. अलेक्झांडर जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासांत, आपल्या बरोबरीची मुलं किती वेळा दुःखी असतात याचा अंदाज सगळे कमीच बांधत होते. वाईट प्रसंग माणूस एकट्यानं काढतो, म्हणून ते मोजदादीत येत नाहीत. मित्राचं खातं पंधरा दिवस डोळ्यांआड केलंत तर बिघडणार नाही. मित्राला मात्र करू नका.

तर करायचं काय? तीन-चार गोष्टी सांगते. त्या माझ्याकडे येणाऱ्यांबरोबर करून बघितलेल्या आहेत. सगळ्यांना सगळ्या चालत नाहीत.

'अरे वा!' म्हणण्याआधी जो अर्धा सेकंद जातो, तो समोरच्याला ऐकू येतो. तो भरून काढायला आपण आवाज वाढवतो, 'अरे वा' तीनदा म्हणतो, आणि पोकळी आणखी उघडी पडते. त्याऐवजी एक प्रश्न विचारा. 'तुला कळलं कधी?' 'कोणी सांगितलं, कसं सांगितलं?' शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की चांगली बातमी सांगणाऱ्याची उत्सुकतेनं विचारपूस होते ती नाती जास्त समाधानी असतात. कोरडं 'छान' तेवढं कामी येत नाही. माझं निरीक्षण त्यापुढचं आहे. प्रश्न विचारणाऱ्यालाही सुटका मिळते. तपशील ऐकायला लागलो की समोर 'विभागप्रमुख' उरत नाही. बातमी आली तेव्हा जिन्यात उभा असलेला, कोणाला आधी सांगावं हे न सुचलेला आपला मित्र दिसायला लागतो. आनंदाचं नाटक करायचं नाही, कुतूहल खरं असलं तर तेवढं पुरे.

दुसरं, मोजपट्टीचा मोजपट्टीसारखा उपयोग करा. तुलनेतून निघणारी माहिती आपण बहुधा फेकून देतो आणि दुखणं तेवढं ठेवून घेतो. तो तिथे कसा पोहोचला? त्यानं कोणतं काम अंगावर घेतलं जे तुम्ही टाळलंत? नशिबाचा भाग किती? हे सांगू शकणारा जगातला सगळ्यात योग्य माणूस तोच आहे, आणि तुम्ही त्याच्याशी बोलत नाही आहात.

तिसरा उपाय सगळे सांगतात: कालच्या स्वतःशी तुलना करा. चांगला आहे, पण सावधपणे वापरा. ज्याची तीन वर्षं खरंच वाईट गेली आहेत त्याला कालचा 'मी' आणखी एक पुढे गेलेला माणूस वाटतो. तुमच्या बाबतीत चालेल असं वाटतं. तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम, एखादा अहवाल किंवा सादरीकरण उघडा आणि त्यात आज काय बदलाल ते पेन्सिलीनं लिहा. 'मी किती सुधारलो' असं स्वतःला सांगत बसण्यापेक्षा समासातल्या त्या खुणा बोलक्या असतात.

'आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतले किती आहेत ते बघा' हा सल्ला मी देत नाही. त्यानं तासभर बरं वाटतं, पण नजरेला खाली बघायची सवय लागते, आणि मग वर काही दिसलं की आणखी लागतं.

हे सगळं रोजच्या दुखण्यापुरतं आहे. झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, आपण कुचकामी आहोत असं दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत वाटत असेल, तर प्रश्न मित्राच्या बढतीचा राहिलेला नाही. मग माझ्यासारख्या कोणाला किंवा मनोविकारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटा.

राहिलं मित्राशी बोलणं. तुम्ही विचारलंय, 'त्याला खरं सांगू का?' सांगा, पण एका वाक्यात. सविस्तर कबुलीजबाब दिलात तर तुमची समजूत काढण्याचं काम त्याच्या गळ्यात पडेल. मेसेज नको, फोन करा, आणि दमलेले असताना नको. 'तीन महिने मी तुला टाळलं. तुझं झालं आणि माझं हुकलं, ते मला जड गेलं. तुझी चूक नव्हती.' एवढं बोलून थांबा. तो बहुधा 'अरे सोड' म्हणेल किंवा विषय बदलेल, बदलू द्या. मग त्याला नव्या कामाबद्दल विचारा. बायोडेटाचं त्याच फोनमध्ये काढू नका. दुसऱ्या फोनमध्ये काढा, आणि मदत खरंच उपयोगाची असेल तर घ्या. घेणं जमलं नाही तर 'आत्ता नको, लागलं तर सांगेन' असं सरळ म्हणा. पहिला फोन अवघडलेलाच होणार आहे, त्यावरून काही ठरवू नका. मी बघितलंय, गाडी रुळावर आली की नाही ते दुसऱ्या-तिसऱ्या फोनला कळतं.

आणि त्या कनिष्ठ सहकाऱ्याला या आठवड्यात काही शिकवू नका, काहीतरी विचारा. तुम्हाला न येणारं असं त्याला काहीतरी येत असेलच. त्याचं उत्तर ऐकताना पोटात बारीकसं काही झालं, तर तो अर्धा सेकंद कसा असतो ते तिथे नीट बघून ठेवा. मित्राच्या फोनआधी तेवढा सराव होईल.